४८ लाख विटांचं जहाज बांधणारा सुतार, ज्याला हिटलरच्या राज्यात मोठं व्हायचं होतं

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात ज्याची संत्र्याची बाग आहे, त्याला नत्र म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. आंबिया बहार धरायचा असो की मृग बहार, झाडाला काय, कधी आणि किती द्यायचं हा हिशोब त्याला तोंडपाठ असतो. कृषी सेवा केंद्रात जायचं, पोतं उचलायचं, उधारी वहीत मांडायची आणि बागेकडे निघायचं.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी नत्राचं खत असं कारखान्यातून पोत्यात भरून येत नव्हतं. ते यायचं दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या अटाकामा वाळवंटातून. जमीन फोडून खनिज काढायचं, उकळून त्यातला सोरा वेगळा करायचा आणि जहाजं भरून युरोपात पाठवायचा. तिकडे बराचसा माल शेतात जायचा आणि काही मालातून बंदुकीची दारू आणि स्फोटकं व्हायची.

या सोऱ्यावर काही माणसं गडगंज झाली. त्यातल्याच एकाने जर्मनीच्या हॅम्बर्ग शहरात ऑफिसची एक भलीमोठी इमारत बांधायला घेतली. तिला तब्बल ४८ लाख विटा लागल्या. एका ट्रॅक्टर ट्रॉलीत दोन हजार विटा धरल्या तरी झाल्या २४०० ट्रॉल्या. इमारतीचं नाव ठेवलं चिलेहाऊस, म्हणजे चिली देशाचं घर.

१९२४ मध्ये ती पूर्ण झाली. आज ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांच्या पुस्तकात तिचा फोटो हमखास असतो. एका बाजूने बघितलं तर इमारत दिसतच नाही, दिसतं ते भर रस्त्यात घुसलेलं जहाज.

हे जहाज ज्याने बांधलं त्याचं नाव फ्रिट्झ होगर. सुताराचं काम शिकून वर आलेला माणूस. भट्टीतल्या वाकड्यातिकड्या विटांतून त्याने जगाला थांबून बघायला लावेल असं काम केलं. आणि हाच माणूस पुढे स्वतःहून हिटलरच्या पक्षात गेला.

त्याची ही गोष्ट.

हातात करवत घेऊन सुरुवात

होगरचा जन्म १२ जून १८७७ चा. गाव बेकेनरायहे, जर्मनीच्या उत्तरेला, एल्म्सहॉर्न या छोट्या शहराजवळ. घरची परिस्थिती बेताची, हातांनी राबून जगणारी माणसं. पोरगं मोठं झाल्यावर त्याला सुतारकामाला लावलं.

आता सुतार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची-टेबल येतं. पण तो ज्या प्रकारचं काम शिकला ते घराच्या सांगाड्याचं होतं. तुळया, वासे, छप्पर. इमारत कशावर उभी राहते आणि कुठल्या जोडावर किती भार येतो, हे अशा कामात हाताला आधी कळतं आणि डोक्याला नंतर.

तिथून तो हॅम्बर्गच्या बांधकाम शाळेत गेला. ही शाळा विद्यापीठाच्या दर्जाची नव्हती. आपल्याकडे डिप्लोमाला जे स्थान असतं साधारण तसंच समजा. शिक्षण झाल्यावर एका मोठ्या आर्किटेक्ट फर्ममध्ये ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी धरली. दुसऱ्याने ठरवायचं आणि याने रेघा मारायच्या.

१९०७ मध्ये त्याने स्वतःचं ऑफिस थाटलं. त्याच्याकडे मोठ्या विद्यापीठाची पदवी नव्हती आणि ज्यांच्याशी स्पर्धा होती त्यातल्या अनेकांकडे ती होती. पुढच्या आयुष्यात होगरची जी धडपड दिसते, कुणीतरी आपल्याला मोठं म्हणावं ही जी ओढ दिसते, तिची सुरुवात इथूनच होते.

शहर बदललं ते एका रोगामुळे

होगरला संधी कशी मिळाली हे समजायचं तर आधी हॅम्बर्ग समजून घ्यावं लागतं.

हॅम्बर्ग हे एल्ब नदीवरचं मोठं बंदर. कॉफी, चहा, मसाले, सोरा, सगळं इथे उतरायचं. शेठ लोक श्रीमंत आणि बंदरात राबणारे कामगार गल्लीबोळांच्या दाटीत. एका खोलीत आख्खं कुटुंब, उजेड नाही, हवा नाही, पाणी नदीचं आणि तेही न गाळलेलं.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये कॉलरा आला. काही आठवड्यांत ८,६०० च्या वर माणसं मेली. शेजारचं आल्टोना शहर त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून पीत होतं, तिथे हाहाकार त्यामानाने बराच कमी होता. ज्या रॉबर्ट कॉखने आठच वर्षांपूर्वी आपल्या कलकत्त्यात येऊन कॉलऱ्याच्या जंतूवर संशोधन केलं होतं, त्यालाच सरकारने हॅम्बर्गला पाठवलं.

त्यानंतर शहराने ठरवलं, या वस्त्या पाडायच्या.

मुंबईत जवळपास हेच घडलं. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले गेले. रोग गेला, रस्ते आले. पण त्या वस्त्यांत राहणाऱ्या प्रत्येकाला परत तिथेच घर मिळालं असं काही झालं नाही.

हॅम्बर्गमध्ये पाडलेल्या वस्त्यांच्या जागेवर ऑफिसच्या इमारती उठू लागल्या. आपल्याकडे मुंबईत बॅलार्ड इस्टेट कसं सगळं ऑफिसांसाठीच वसवलं, तसाच तिथे व्यापारी कचेऱ्यांचा एक आख्खा भाग तयार झाला. जिथे कामगार राहत होते, तिथे आता कारकून आणि टायपिस्ट फक्त दिवसा येऊ लागले.

होगरला पहिली मोठी कामं मिळाली ती अशाच एका नव्या रस्त्यावर. मोंकेबर्गस्ट्रासे हे त्या रस्त्याचं नाव. १९११ ते १९१३ च्या दरम्यान त्याने तिथे राप्पोल्टहाऊस आणि क्लॉपरहाऊस या दोन व्यापारी इमारती उभ्या केल्या. दोन्ही विटांच्या.

त्याच सुमारास फ्रिट्झ शुमाखर नावाचा माणूस हॅम्बर्गच्या सरकारी बांधकाम खात्याचा प्रमुख होता. त्याचंही म्हणणं होतं की या शहराला वीटच शोभते. त्यामुळे वारं होगरच्या बाजूने वाहत होतं. पण १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बांधकामं थंडावली.

सोऱ्याचा शेठ

युद्ध संपलं तेव्हा होगर चाळिशी ओलांडून गेला होता. आणि मग त्याच्या आयुष्यात आला हेन्री स्लोमन.

स्लोमन तरुणपणी नशीब काढायला चिलीला गेला होता. इकीके या बंदरात नोकरी केली, मग टोकोपिया भागात स्वतःच्या सोऱ्याच्या खाणी आणि कारखाने उभे केले. वाळवंटात वीज हवी म्हणून लोआ नदीवर धरण बांधलं, ते आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. १८९८ मध्ये तो हॅम्बर्गला परतला तेव्हा शहरातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत त्याची गणती होत होती.

पण हा पैसा कुणाच्या घामाचा होता?

अटाकामा हे जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटांपैकी एक. तिथे सोऱ्याच्या वस्त्यांवर हजारो मजूर राबायचे. अनेक ठिकाणी पगार रोख मिळायचा नाही, कंपनीचे बिल्ले मिळायचे. ते बिल्ले चालायचे फक्त कंपनीच्याच दुकानात. दुकान कंपनीचं, भावही कंपनीचाच. १९०७ च्या डिसेंबरमध्ये मजुरांनी संप केला आणि बायकापोरांसह ते इकीके शहरात येऊन एका शाळेत थांबले. २१ डिसेंबरला चिलीच्या सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. शेकडो माणसं मारली गेली.

हा गोळीबार स्लोमनने घडवला असं नाही. पण ज्या धंद्यावर त्याचं घर उभं होतं, तो धंदा असा चालायचा.

वऱ्हाडी माणसाला यातली मेख लगेच कळेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून निघालेल्या गाठी मुंबईच्या बंदरावर गेल्या आणि कापसाच्या व्यापारात प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे शेठ मोठे झाले. त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. टॉवर बघायला लोक येतात, कापूस वेचणारीची आठवण कुणी काढत नाही.

माती एकीकडची आणि इमारत दुसरीकडची, ही जगाची जुनीच रीत आहे.

नोटांची रद्दी झाली तेव्हा

स्लोमनने घेतलेली जागा म्हणजे डोकेदुखी होती. दोन वेगवेगळे भूखंड, मधून फिशरट्विटे नावाचा रस्ता. एका बाजूची हद्द सरळ नाही, वळण घेत जाणारी. पूर्वेकडचं टोक इतकं निमुळतं की तिथे खोली काढायची कशी हाच प्रश्न. वर जमीन बंदराजवळची, मऊ. पाया धरायला काँक्रीटचे खांब १६ मीटरपर्यंत खाली न्यावे लागले.

१९२२ मध्ये काम सुरू झालं. पुढच्याच वर्षी जर्मनीचा पैसा कोसळला.

महागाई आपणही बघतो. पण १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकी डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. लोक पगाराच्या नोटा टोपल्यात भरून दुकानाकडे पळायचे, कारण संध्याकाळपर्यंत त्याच नोटांत निम्मी भाकरीसुद्धा येईल याची खात्री नसायची. आयुष्यभराची बचत एका पावात संपली.

अशा दिवसांत हॅम्बर्गच्या मधोमध दहा मजली इमारत चढत होती. ज्यांच्याकडे फक्त नोटा होत्या ते बुडाले. ज्याच्याकडे जमीन आणि वीट होती तो तरला.

वाकड्या विटांची करामत

आता या इमारतीत एवढं काय आहे ते बघू.

आपल्याकडे वीट ही लपवायची वस्तू. भिंत झाली की तिच्यावर गिलावा, मग रंग. वीट उघडी दिसली तर पाहुणे विचारतात, प्लास्टर राहिलं का. भट्टीत जास्त भाजून काळी पडलेली, वाकलेली झामा वीट तर भिंतीत कुणी लावतच नाही. ती जाते भरावात.

होगरने नेमकी तशी वीट वर काढली. हॅम्बर्गच्या पश्चिमेला बोकहॉर्न नावाचं गाव विटांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली वीट एवढ्या कडक आचेवर भाजतात की तिचा पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि ती पाणी धरत नाही. समुद्रावरचं दमट वारं आणि सततचा पाऊस असणाऱ्या शहराला ती अगदी योग्य. पण अशा आचेत प्रत्येक वीट सारखी निघत नाही. एखादी लाल, एखादी जांभळी, एखादी निळसर काळी. एखादी जरा वाकलेली.

दुसऱ्या कुणी त्यातून एकसारख्या विटा निवडून घेतल्या असत्या. होगरने हा फरकच कामाला लावला. लाखो विटा, प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा, त्यामुळे भिंत सपाट दिसत नाही. ऊन फिरतं तसा तिचा रंग फिरतो. पाऊस पडला की ती चमकते.

त्यावर त्याने बाहेरच्या बाजूने खालपासून वरपर्यंत बारीक उभे खांब काढले, त्यात विटा तिरप्या बसवल्या. समोर उभं राहिलं की खांबांच्या मधल्या खिडक्या दिसतात, आणि इमारतीला खिडक्या आहेत जवळपास २,८००. पण जरा बाजूला सरकून तिरपं बघितलं की खिडक्या गायब होतात आणि उरते ती विटांची सळसळती भिंत. सुताराच्या हाताला लाकडाचा रंधा जसा कळतो, तशी त्याला वीट कळली होती.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. या विटा इमारतीचं वजन पेलत नाहीत. ते काम आतल्या काँक्रीटच्या सांगाड्याचं आहे. वीट हा त्या सांगाड्यावर घातलेला अंगरखा आहे.

आणि ते जे निमुळतं टोक होतं, जे बांधायला सगळ्यात अवघड, तेच होगरने सगळ्यात देखणं केलं. दोन्ही बाजूच्या भिंती धारदार कोनात एकत्र आणल्या. वरचे मजले नियमाप्रमाणे मागे सरकवायचे होते, तिथे त्याने कठडे असलेल्या गच्च्या काढल्या आणि त्या थेट जहाजाच्या डेकसारख्या दिसू लागल्या. खाली नाळेवर चिलीचा राष्ट्रीय पक्षी, कॉन्डोर गिधाड बसवलं. शिल्पकाम रिचर्ड क्यूल याचं. मधला रस्ता बंद न करता कमानी काढून इमारत त्याच्यावरूनच नेली. दुसऱ्या बाजूची वळणदार हद्द तशीच ठेवली आणि भिंतच लाटेसारखी वळवली. जागेची जी जी अडचण होती, तीच इमारतीची ओळख झाली.

या शैलीला एक्स्प्रेशनिझम म्हणतात, मराठीत अभिव्यक्तिवाद. वस्तू जशी आहे तशी दाखवण्यापेक्षा तिच्यामुळे मनात काय उठतं ते दाखवायचं. त्याच काळात जर्मनीत कॅलिगारी, नोस्फेराटू आणि मेट्रोपोलिस हे सिनेमे आले. तिरप्या भिंती, लांबलेल्या सावल्या, टोकदार आकार. हरलेल्या, भुकेल्या, घाबरलेल्या देशाचं मन पडद्यावर तसं उतरलं आणि विटेत असं.

फोटो जगभर गेला

हॅम्बर्गच्या ड्रान्सफेल्ड बंधूंनी त्या टोकाचा खालून वर बघत फोटो काढला. त्यात इमारत होती त्याहून धारदार, जणू आता सुटणार अशी दिसली. हा फोटो मासिकांतून, पुस्तकांतून जगभर फिरला. इन्स्टाग्राम यायला अजून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं होती, पण घडलं ते अगदी तेच. लोकांनी इमारत बघण्याआधी तिचा फोटो बघितला.

होगरचं नाव झालं, कामांची रांग लागली. हॅनोव्हरमध्ये एका वर्तमानपत्रासाठी त्याने १९२८ ला अनझायगर इमारत पूर्ण केली. वर तांब्याचा हिरवट घुमट आणि घुमटात तारांगण. या इमारतीने दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बही सोसले, आणि १९४७ मध्ये जर्मनीचं गाजलेलं साप्ताहिक डेर श्पिगल सुरू झालं ते याच इमारतीतून. विल्हेल्म्सहाफेनच्या भागात त्याने नगरपालिकेची इमारत बांधली, तिच्या मधल्या मनोऱ्यात चक्क पाण्याची टाकी बसवली. बर्लिनमध्ये होहेन्झोलर्नप्लाट्झला चर्च बांधलं, ते बाहेरून एवढं भक्कम आणि कारखान्यासारखं की लोकांनी त्याचं नाव देवाचं वीजघर ठेवलं.

चिलेहाऊसच्या शेजारी श्प्रिंकेनहोफ नावाचा आणखी मोठा ऑफिसांचा समूह उभा राहू लागला. त्यात होगरचे भागीदार होते हान्स आणि ऑस्कर गेर्सोन. दोघे सख्खे भाऊ, दोघेही नावाजलेले आर्किटेक्ट. दोघेही ज्यू.

हे नाव लक्षात ठेवा.

आणि मग त्याने बाजू निवडली

होगरच्या डोक्यात विटेबद्दल नुसतं प्रेम नव्हतं. हळूहळू त्यात दुसरंच काही मिसळत गेलं. वीट ही उत्तर जर्मनीच्या मातीची, म्हणून ती उत्तरेकडच्या अस्सल माणसांची, म्हणून तीच खऱ्या जर्मन राष्ट्राची भाषा, असं त्याला वाटू लागलं. आपल्या मातीचा अभिमान ही चांगलीच गोष्ट. पण आपली माती म्हणता म्हणता आपलं रक्त कधी सुरू होतं हे अनेकांना कळत नाही.

१९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला.

साल महत्त्वाचं आहे. हिटलर सत्तेवर आला १९३३ च्या जानेवारीत. म्हणजे नोकरी वाचवायला किंवा भीतीपोटी होगर पक्षात गेला असं म्हणायला जागा नाही. सत्ता यायच्या आधी, नावाजलेला असताना, स्वतःच्या मनाने तो गेला. त्याला वाटत होतं की नव्या राष्ट्राला नवी वास्तुकला लागेल आणि ती देणारा माणूस आपणच.

१९३३ उजाडलं. विटेचा पुरस्कार करणाऱ्या शुमाखरला पदावरून दूर केलं गेलं. हान्स गेर्सोन १९३१ मध्येच वारला होता. मागे राहिलेल्या ऑस्कर गेर्सोनला ज्यू म्हणून काम करायला बंदी झाली. ज्या शहरात त्याने रस्त्यांचे रस्ते घडवले होते ते सोडून त्याला शेवटी अमेरिका गाठावी लागली. श्प्रिंकेनहोफचं बांधकाम पुढे चालूच राहिलं, गेर्सोनशिवाय.

चिलेहाऊसच्या अगदी जवळ गेर्सोन बंधूंनीच बांधलेली आणखी एक इमारत होती, बालिनहाऊस. ज्याच्या नावाने ती होती तो जहाज कंपनीचा प्रमुख आल्बर्ट बालिन ज्यू होता, म्हणून १९३८ मध्ये तिचं नाव बदलून मेसबर्गहोफ केलं. याच इमारतीत टेश उंड श्टाबेनोव या कंपनीचं ऑफिस होतं. आउशवित्झच्या छळछावणीत माणसं मारायला वापरलेला झायक्लॉन बी हा विषारी वायू पुरवणारी ही कंपनी. विटांच्या त्या देखण्या ऑफिसांमध्ये बसून, टाइपरायटरवर, बिलं आणि पावत्या करून हे काम चाललं होतं.

ज्याच्यासाठी गेला, त्यानेच झिडकारलं

होगरला वाटलं होतं आता आपले दिवस आले. १९३४ मध्ये त्याला ब्रेमेनच्या कलाशाळेत प्राध्यापकपद मिळालं खरं, पण ते फार टिकलं नाही. मोठी सरकारी कामं येतील म्हणून तो वाट बघत बसला. ती आलीच नाहीत.

कारण साधं होतं. हिटलरला वीट आवडत नव्हती, त्याला हवा होता दगड. रोमन साम्राज्यासारखे अवाढव्य खांब, सरळ रेषा, थंडगार चेहरा. त्याच्या मर्जीतला आर्किटेक्ट होता आल्बर्ट श्पेअर. एक्स्प्रेशनिझमची थरथर, तिचे टोकदार कोन, तिची भावना हे सगळं नव्या राज्यकर्त्यांना संशयास्पद वाटत होतं. त्याच शैलीतल्या चित्रांना त्यांनी १९३७ मध्ये अधःपतित कला म्हणून म्युनिकमध्ये टिंगलीसाठी मांडलं.

हॅम्बर्गमध्ये एल्बच्या काठावर नवं शहर उभारायची नाझींची प्रचंड योजना होती. ज्या शहराला होगरने चेहरा दिला, त्याच शहराचं हे काम. ते १९३९ मध्ये कॉन्स्टान्टी गुट्शोव या दुसऱ्याच आर्किटेक्टकडे गेलं.

पुढाऱ्याच्या मागे झेंडा घेऊन फिरलेला आणि तिकिटाच्या वेळी डावलला गेलेला माणूस आपल्याला माहीत असतो. त्याचं दुःख खरं असतं. पण तो डावलला गेला म्हणून झेंडा निर्दोष होत नाही. होगरचंही तसंच. नाझींनी त्याला काम दिलं नाही, याचा अर्थ त्याने नाझींना विरोध केला असा होत नाही. तो त्यांच्या दारातच उभा होता, दार उघडलं नाही एवढंच.

१९४३ च्या जुलैमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी हॅम्बर्गवर आठवडाभर बॉम्ब टाकले. आगीचं वादळ उठलं, हजारो माणसं भाजून, गुदमरून मेली, शहराचे मोठे भाग राखेत गेले. चिलेहाऊस मात्र जवळपास शाबूत राहिलं.

जर्मनीतलं युद्ध संपलं तेव्हा होगर ६७ वर्षांचा होता. जे राज्य त्याला मोठं करणार होतं ते उरलं नव्हतं. २१ जून १९४९ रोजी बाट झेगेबर्ग इथे तो वारला.

मग त्याचं काय करायचं?

तिकडे चिलीतही दिवस फिरले होते. जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी हवेतून नत्र काढून त्याचं खत करायची रीत शोधली आणि १९१३ मध्ये तिचा पहिला कारखाना सुरू झाला. चिलेहाऊस उभं राहत होतं तेव्हाच ज्या सोऱ्यावर ते उभं होतं त्याचा काळ संपत आला होता. आज वरूडच्या बागेत पडणारं युरिया त्याच रीतीचं बाळ. अटाकामातल्या वस्त्या ओस पडल्या. त्यातल्या हंबरस्टोन आणि सांता लाउरा या दोन वस्त्या २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या, गंजलेल्या पत्र्यांसकट. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, चिलेहाऊस आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर त्याच यादीत आला.

म्हणजे ज्या वाळवंटातून पैसा निघाला ते आणि ज्या शहरात तो पोचला ते, दोन्ही टोकं आज जगाचा वारसा आहेत. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघा, गोष्ट आपोआप पूर्ण होते.

होगरच्या नावाचं काय झालं, तेही ऐका. विटांतून उत्तम वास्तू उभारणाऱ्यांसाठी जर्मनीत एक पुरस्कार आहे. तो फ्रिट्झ होगर पुरस्कार म्हणूनच ओळखला जायचा. अलीकडच्या काळात त्याचं नाव बदलण्यात आलं. आता तो एरिक मेंडेलसोन यांच्या नावाने दिला जातो. मेंडेलसोन हेही एक्स्प्रेशनिझमचे मोठे आर्किटेक्ट, ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली होती.

यात कुणी चिलेहाऊस पाडा म्हटलं नाही. कुणी होगरचं काम सामान्य होतं असंही म्हटलं नाही. इमारत जिथे आहे तिथेच आहे, तिच्यावर त्याचं श्रेय आहे, आणि पुस्तकांत त्याचा पक्षही लिहिलेला आहे. फक्त पुरस्काराला नाव देताना ज्याचा आदर करायचा तो माणूस वेगळा निवडला.

आपल्याकडे कुणा मोठ्या माणसाबद्दल असं काही निघालं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो त्याचं काम बघा, बाकीचं सोडा. दुसरा म्हणतो माणूसच वाईट, काम पुसून टाका. हॅम्बर्गची ही इमारत सांगते की तिसरा रस्ता असतो. विटांचं कौतुक करायचं, त्या कुणाच्या पैशाने आल्या ते विचारायचं आणि ज्याने त्या रचल्या त्याने पुढे काय केलं तेही लिहून ठेवायचं. होगर वाकड्या विटेतून सरळ भिंत उभी करू शकत होता. माणसांच्या बाबतीत त्याला ते जमलं नाही. तिथे त्याने विटा निवडल्या नाहीत तशी माणसं मात्र रक्तावरून निवडणाऱ्यांची बाजू घेतली.

कधी हॅम्बर्गला जाणं झालंच तर त्या टोकाखाली उभं राहून फोटो नक्की काढा. आणि मग पाच मिनिटं चालत मेसबर्गहोफपर्यंत जा. तिथे भिंतीवर एक पाटी आहे, त्या वायूत मेलेल्यांच्या आठवणीची. तीही वाचा.